निरीक्षकाची खुर्ची

मानवजातीनं आजवर लावलेला सर्वांत थोर शोध म्हणजे चाक नव्हे, अग्नी नव्हे आणि विमान तर नव्हेच. तो शोध म्हणजे यादी, असं नामदेवरावांचं ठाम मत होतं. एकानं यादीतलं कलम मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ते डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, एवढ्यावर अठरा टन धातू माणसांसकट हवेत राहतो, असं ते प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी उभं राहून सांगत. सांगून झालं की खिसे चाचपत, कारण कुसुमताईंनी सकाळी दिलेली भाजीची यादी त्यांना सापडत नसे.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र ते तुकडीला सांगत नसत. विमान सुरक्षित कसं चालवावं हे शिकवणारे नामदेवराव स्वतः अकरा वर्षं विमानात चढले नव्हते. डाव्या कानाचा पडदा फाटलेला होता आणि डॉक्टरांनी त्यांना उंच इमारतीतली लिफ्टसुद्धा जपून वापरायला सांगितलं होतं.

दख्खन प्रादेशिक हवाई सेवा महामंडळ हे नाव लांबलचक होतं, विमानं दोनच होती. दोन्ही अठ्ठेचाळीस आसनांची, पंखांवर एकेक पंखा असलेली. मेकॅनिक मंडळी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. सकाळी हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून निघून राजमहेंद्री, विजयवाडा, तिरुपती करत ती संध्याकाळी घरी परतत. उडायचं काम शमशाबादला, साहेबांची दालनं बेगमपेटला आणि शिकवायचं काम काचीगुड्याला, स्टेशनसमोरच्या गल्लीत एका इराणी हॉटेलच्या माडीवर. जिना चढताना उस्मानिया बिस्किटांचा वास यायचा आणि गाडी फलाटाला लागली की खिडक्यांची तावदानं थरथरायची.

तिथं नामदेवरावांचं विमान होतं. प्लायवुडचं. समोर उभ्या फळीवर सगळ्या घड्याळांची, दिव्यांची, बटणांची रंगीत चित्रं डकवलेली. मधोमध दोन लाकडी दांडे, डाव्या आणि उजव्या इंजिनाचा एकेक; ओढला की ते इंजिन बंद. आणि दोन ऑफिसच्या खुर्च्या. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक, मागे दोघांच्या मधोमध नामदेवराव पेन्सिल घेऊन उभे.

त्यांचं मुख्य शिकवणं एकच होतं. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर सुखरूप उडतं. माणसं मरतात ती इंजिन बंद पडल्यामुळं नाही, तर घाईघाईत उरलेलं चांगलं इंजिन बंद केल्यामुळं. म्हणून बिघडलेल्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवायचा, ओढायचा नाही, ‘हाच ना?’ म्हणून शेजाऱ्याला विचारायचं. शेजाऱ्यानं बघायचं आणि मगच ‘हाच’ म्हणायचं. पण रोज तेच विचारलं की माणूस बघायचं सोडून देतो. प्रश्न संपायच्या आत ‘हाच’ येतो, लग्नातल्या ‘शुभमंगल’नंतरच्या ‘सावधान’सारखा. असं झालं की नामदेवराव त्याच्या खांद्यावर पेन्सिलीनं दोनदा टकटक करत आणि म्हणत, “सावकाश. पुन्हा बघ.” तेलुगू मुलांनाही एवढं मराठी येत होतं.

आणि वर्ग संपताना सांगत, “काही विपरीत घडलं तर लिहून द्या. कारण कळलं नाही तरी लिहा. घडलं ते लिहायचं, पटेल ते नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तारामतीनं फार मनावर घेतलं होतं.

तो राज्याची वाटणी व्हायच्या आधीचा उन्हाळा होता. जूनच्या दोन तारखेपासून एकाची दोन राज्यं व्हायची होती आणि महामंडळाचीही दोन महामंडळं. वाटणी समितीचे अध्यक्ष अप्पाराव, मूळचे तेनालीकडचे, हे न्यायी गृहस्थ होते. अठ्ठावन्नास बेचाळीस हे प्रमाण वरून ठरून आलं होतं आणि ते त्यांनी खुर्च्या, कपाटं, फायली आणि कुणाची ते कुणालाच ठाऊक नसलेली एक इस्त्री यांना लावलं. विमानांना ते लागेना, म्हणून थोरली तिकडे, किनाऱ्याकडच्या राज्याला, आणि धाकटी इकडे हैदराबादला. प्लायवुडचं विमान एकच होतं. त्याच्यावर समितीच्या दोन बैठका झाल्या आणि ते मधोमध करवतीनं कापावं असा ठराव एकमतानं संमत झाला. कॅप्टनची बाजू तिकडे, सहवैमानिकाची इकडे.

“आणि मी जिथं उभा राहतो ती जागा?” नामदेवरावांनी विचारलं होतं.

“ती करवतीत जाईल, नामदेवराव गारू,” अप्पाराव तेलुगू अदबीनं म्हणाले. त्यांनी ते थट्टेनं म्हटलं नव्हतं.

घटना घडली ती मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी आठ वाजून सतरा मिनिटांनी. धाकटी राजमहेंद्रीहून हैदराबादला निघाली होती. कॅप्टन प्रतापराव, सहवैमानिक तारामती, मागे चव्वेचाळीस प्रवासी. जमिनीपासून सहाशे फुटांवर उजवं इंजिन बंद पडलं. प्रतापरावांचा हात डाव्या दांड्यावर गेला. त्यांनी विचारलं, “हाच ना?” तारामतीचं तोंड ‘हाच’ म्हणायला उघडलं होतं.

पुढचं तिनं स्वतःच लिहून दिलं. कुणीतरी तिच्या खांद्यावर पेन्सिलीसारख्या वस्तूनं दोनदा टकटक केलं. कुणीतरी ‘सावकाश, पुन्हा बघ’ म्हणालं. दोघांनी पुन्हा बघितलं. हात डाव्या दांड्यावरून उजव्यावर गेला. चौदा मिनिटांत धाकटी पुन्हा राजमहेंद्रीच्या धावपट्टीवर उतरली. कुणाच्या डब्यातलं ताकसुद्धा सांडलं नाही. खाली तिनं लिहिलं होतं : ‘मागे कोणी नव्हते. कोण बोलले ते मला माहीत नाही.’

चौकशीही वाटणीच्याच समितीकडे आली. कॅप्टननं चुकीच्या दांड्याला हात घातला होता, यात समितीला फारसा रस नव्हता. समितीचं लक्ष तारामतीच्या शेवटच्या दोन वाक्यांवर खिळलं. कारण तो आवाज ध्वनिमुद्रणातही होता.

नामदेवरावांना बेगमपेटला बोलावलं ते टेपवरचे शब्द मराठी आहेत का ते सांगायला. दालनात वातानुकूलन यंत्र ठिबकत होतं आणि त्याखाली ठेवलेली बादली वाटणीत कुणाकडे जायची त्याची चिठ्ठी तिच्यावर चिकटवलेली होती. अप्पारावांसमोर ध्वनिमुद्रणाचा तंत्रज्ञ बसला होता. त्यानं समजावून सांगितलं. कॉकपिटात चार ठिकाणचा आवाज टेप होतो. पहिला चॅनेल कॅप्टनच्या हेडफोनचा, दुसरा सहवैमानिकाचा, चौथा छताच्या मायक्रोफोनचा. तिसरा, मागे घडीची एक खुर्ची असते, तिच्यावर निरीक्षक बसला तर त्याच्या हेडफोनचा.

“खुर्ची रिकामी होती,” तंत्रज्ञ म्हणाला. “हेडफोन खुंटीला होता. आणि आवाज तिसऱ्यावर आहे.”

त्यानं हेडफोन नामदेवरावांच्या हातात दिला. त्यांनी तो चांगल्या कानाला लावला.

खरखर होती. पंख्यांची घरघर होती, एका बाजूची मंदावत गेलेली. धोक्याची घंटा. प्रतापरावांचा प्रश्न. मग, अगदी जवळून, श्वासासकट : “सावकाश. पुन्हा बघ.” ‘सावकाश’मधला स किंचित शीळ घातल्यासारखा होता.

माणसाला स्वतःचा आवाज टेपवर ओळखू येत नाही म्हणतात. नामदेवरावांना आला.

“मराठीच आहे ना?” अप्पारावांनी विचारलं.

“हौ. मराठीच.”

“मंग खतम,” अप्पाराव म्हणाले. “प्रतापराव को मराठी आता नै. वो पोरगी मराठी. बाप को बिठाई होंगी पीछे. अनधिकृत व्यक्ती कॉकपिटात! लायसन जाता उसका.”

कोपऱ्यात बसलेले प्रतापराव बुटांकडे बघत म्हणाले, “मैं तो सामने देख रहा था साब. पीछे कौन था मेरेकू क्या मालूम.”

नामदेवराव तिथून निघाले ते थेट काचीगुड्याला आले. ते विवेकी माणूस होते. त्यांनी हजेरीपट उघडला. तो मंगळवार. पावणेआठ ते साडेनऊ, विषय : एक इंजिन बंद पडल्यास. सात विद्यार्थ्यांच्या सह्या आणि प्रशिक्षकाच्या रकान्यात त्यांची स्वतःची, हिरव्या शाईची, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. त्यांना ती सकाळ नीट आठवत होती. आठ सतराला बंगळूरची गाडी लागली होती, तावदानं वाजली होती, उजव्या खुर्चीतला मुलगा न बघता ‘हाच’ म्हणाला होता आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर दोनदा पेन्सिल वाजवली होती.

त्यांनी हजेरीपट मिटला. नंतर खाली जाऊन एक चहा घेतला, आणि मग दुसरा.

तारामतीचं घर तिथून चालत सात मिनिटांवर होतं. वडील तातेराव रेल्वेत फिटर होते. पोरगी पायलट झाली तेव्हा त्यांनी तिच्या लायसन्सची झेरॉक्स फ्रेम करून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावली होती आणि गल्लीत बॅनर लागला होता. बॅनर आता पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून होता.

“साहेब,” तातेराव म्हणाले, “मी स्टेशनच्या पुलावरून जाताना खाली बघत नाही. चक्कर येते. मला विमानात कोण बसवतंय? आणि बसवलं तर मी बोलू शकेन का? मी वांती करीन.”

“त्यांना तसं सांगितलं का?”

“सांगितलं ना. म्हणे, वांतीचा पुरावा नाही.”

तारामती खिडकीशी उभी होती. आजीचं नाव तिला दिलं होतं, आणि आजीचा हट्टही. “काका, मी लिहिलंय त्यात एक अक्षर खोटं नाही. ते म्हणतात, कोण बसलं होतं त्याचं नाव दे. कुणी नव्हतंच, तर नाव कुणाचं देऊ?”

“ती शेवटची दोन वाक्यं काढून टाकली असती तर…”

“तुम्हीच म्हणाला होता. कारण कळलं नाही तरी लिहा.” ती शांतपणे म्हणाली. “सोमवारी लायसन्सचा निकाल लावणारेत. काढून घेतलं तर परत मिळत नाही, काका. मला दुसरं काही येत नाही.”

तातेराव फ्रेमवरची धूळ उपरण्यानं पुसत होते. धूळ नव्हतीच.

नामदेवरावांच्या डोक्यात दोन रस्ते होते. पहिला खरा होता : आवाज माझा आहे आणि मी त्या वेळी काचीगुड्यात होतो. असं सांगितलं की तारामतीबरोबर त्यांनाही एर्रगड्ड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखवायला नेतील, एवढंच. दुसरा खोटा होता, पण त्याला नियमाचा आधार होता. प्रशिक्षणप्रमुखाला निरीक्षकाच्या खुर्चीवर बसायची परवानगी होती. अकरा वर्षांत ते बसले नव्हते, पण परवानगी होती.

सोमवारी ते समितीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, “मी बसलो होतो.”

वातानुकूलन यंत्राचे चार थेंब बादलीत पडले.

“प्रशिक्षणाचं निरीक्षण करायला. नोंद करायची राहिली, ती माझी चूक. कॅप्टनचं लक्ष पुढं होतं, आणि पोरगी मला सांभाळून घ्यायला नाव लपवत होती.”

अप्पारावांचा चेहरा उजळला. अनधिकृत व्यक्ती म्हणजे चौकशी, दिल्लीची पत्रं, जूनच्या आत न मिटणारी फाइल. अधिकृत व्यक्ती आणि राहिलेली नोंद म्हणजे ताकीद. “नामदेवराव गारू! पैले बोलना था ना!” ते म्हणाले, आणि चहा मागवला. नामदेवरावांना लेखी ताकीद मिळाली, वर्ग काढून घेतले आणि उरलेले दोन महिने घरी विश्रांती घ्या असं सांगितलं. तारामतीचं लायसन्स तिच्याकडेच राहिलं.

“बस एक फॉर्मॅलिटी,” अप्पाराव म्हणाले. “उस दिन का वजनाचा तक्ता, हवाई सेविकेचा जबाब आणि तुमचा हजेरीपट फायलीला लावतो.”

नामदेवरावांनी हसून चहा संपवला. वजनाच्या तक्त्यात विमानातल्या प्रत्येक माणसाची नोंद असते आणि त्यांची नव्हती. हजेरीपटात त्यांची सही होती, हिरवी. ती आठवड्याच्या आत बाहेर येणार, आणि मग पोरगी दुप्पट बुडणार. घरी येऊन त्यांनी कुसुमताईंना एवढंच सांगितलं की लवकर निवृत्त झालो. कुसुमताई म्हणाल्या, “बरं झालं. आता भाजी तरी आणाल.”

गुरुवारी बेगमपेटहून शिपाई कागदांच्या प्रती घेऊन बरकतपुऱ्याला त्यांच्या घरी आला. सही करून परत द्यायच्या होत्या.

पहिला वजनाचा तक्ता होता. राजमहेंद्रीच्या शिक्क्याचा, कार्बन कॉपी, कडा पिवळसर. कॅप्टन, सहवैमानिक, हवाई सेविका दोन, प्रवासी चव्वेचाळीस. आणि त्याखाली, त्याच अक्षरात, त्याच दाबानं : निरीक्षक, एक, सदुसष्ट किलो, सोबत कापडी पिशवी.

नामदेवरावांचं वजन सदुसष्ट किलोच होतं. कुणीतरी सांभाळून घेतलं, असं त्यांनी मनाला समजावलं. राजमहेंद्रीत त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

दुसरा कागद सेविकेचा जबाब. निरीक्षक साहेब वयस्कर होते. उड्डाणापूर्वी बिनसाखरेचा चहा घेतला. डाव्या कानात घालायला कापूस मागितला, तो दिला.

कानाबद्दल महामंडळात कुणालाच माहीत नव्हतं.

तिसरी प्रत हजेरीपटाची. ती त्यांनी बराच वेळ उलटी धरून ठेवली. मग सरळ केली. सात विद्यार्थ्यांच्या सह्या होत्या. प्रशिक्षकाच्या रकान्यात काचीगुड्याच्या कारकुनाचं, उमाजीचं, ठसठशीत अक्षर : ‘सर विमानावर. वर्ग मी घेतला.’

त्यांनी उमाजीला फोन लावला.

“उमाजी, त्या मंगळवारी मी वर्गात होतो ना?”

“नाही सर. तुम्ही आदल्या दिवशी सांगून गेला होता की. मी पोरांना यादी वाचायला लावली.” थोडं थांबून तो म्हणाला, “काय झालं सर? माझं काही चुकलं काय?”

“नाही, नाही. मूळ हजेरीपट कुठं आहे?”

“माझ्या पुढ्यातच आहे.”

“माझी सही हिरव्या शाईनं…”

“सर, तुम्ही नव्हता तर सही कशी असंल?”

खिडकीबाहेर बरकतपुऱ्याचा दुपारचा भोंगा वाजला. नामदेवरावांनी कुसुमताईंना हाक मारली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की मार्चमधल्या त्या मंगळवारी आपण स्वतः कुठं होतो.

“राजमहेंद्रीला,” कुसुमताई कोथिंबीर निवडत म्हणाल्या. “पहाटे चारला टॅक्सी बोलावलीत, सगळी गल्ली उठली. सांगत होते कानाला त्रास होईल, ऐकलं नाही. संध्याकाळी आलात ते पूतरेकुलू घेऊन. अजून चार आहेत फ्रीजमध्ये, मला तो कागद खाल्ल्यासारखा प्रकार आवडत नाही.”

फ्रीजमध्ये खरंच पुठ्ठ्याचा खोका होता. वर तेलुगूत गोदावरीकाठच्या दुकानाचं नाव होतं. आत चार सुरळ्या होत्या, तांदळाच्या पापुद्र्याच्या, तुपानं थोड्या पारदर्शक झालेल्या. नामदेवरावांनी एक तोंडात घातली. ती लगेच विरघळली. गुळाची चव मागे राहिली.

म्हातारपणी माणूस विसरतो. पण दिवस गळतात. एका दिवसाच्या जागी दुसरा दिवस येऊन बसत नाही. आणि हा दुसरा दिवस तर सगळ्यांना आठवत होता, त्यांना सोडून.

मग त्यांची जीभ वरच्या हिरडीला लागली.

तिथं फट होती. पुढच्या दातांपैकी डावीकडचा दात नव्हता. तो काढला त्याच मंगळवारी. वर्ग सुटल्यावर, साडेदहाला, नल्लकुंट्याला. आणि धाकटी तर तेव्हा राजमहेंद्रीच्या विमानतळावर उन्हात उभी होती.

ते रिक्षा करून नल्लकुंट्याला गेले. दंतवैद्य मुकुंदराव त्यांच्या शाळेतले. त्यांनी कपाटातून कार्ड काढलं. नामदेवराव, दात एक, मंगळवार, दहा वाजून तीस मिनिटं. खाली नामदेवरावांची सही.

हिरवी. शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

“इथंच बसला होतास,” मुकुंदराव म्हणाले. “इंजेक्शनला घाबरलास. मी म्हटलं, विमानं उडवायला शिकवतोस आणि सुईला भितोस?”

“नक्की मीच होतो?”

“तोंड उघडून बघू का?” मुकुंदराव हसले. मग हसायचे थांबले. “शीळ घालायला लागलास रे. स म्हणताना हवा जाते. कवळीचा एक दात बसवून टाक.”

नामदेवरावांनी कार्ड परत दिलं.

टेपवरच्या आवाजात ती शीळ होती.

आठ वाजून सतरा मिनिटांनी त्यांचा दात जागेवर होता.

त्यांनी तिन्ही कागदांवर सह्या करून परत पाठवले. न करून सांगणार काय होते? फाइल बंद झाली. तिच्यावर लाल फीत बांधली गेली आणि ती अठ्ठावन्न टक्क्यांत गेली. म्हणजे पुढं कधी कुणाला त्या सकाळचा शोध घ्यावासा वाटलाच, तर त्याला तिथं सगळं व्यवस्थित सापडणार होतं. कारणासकट.

मेच्या शेवटी प्लायवुडचं विमान कापलं. नामदेवराव बघायला गेले नाहीत. उमाजीनं फोनवर सांगितलं, करवत मधोमध आल्यावर दोनदा अडकली, सुतार म्हणाला खिळा असेल, पण खिळा नव्हता.

जूनमध्ये दोन राज्यं झाली. फटाके वाजले, पाट्या बदलल्या, धाकटी आधी जिथं उडत होती तिथंच उडत राहिली. जुलैतल्या एका रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला तारामती पेढे घेऊन बरकतपुऱ्याला आली. तिला कायम केलं होतं. तातेरावही आले होते आणि कुसुमताईंना सांगत होते की फ्रेम आता मोठी करून घेतलीय.

पेढे झाले, चहा झाला. तारामती काहीतरी बोलायचं राहिल्यासारखी कपबशी फिरवत होती. कुसुमताई आणि तातेराव गच्चीवरची कढीपत्त्याची कुंडी बघायला गेले तेव्हा ती पुढं सरकली.

“काका, राग येणार नसेल तर बोलू?”

“बोल ना.”

“तुम्ही आमच्यासाठी येता ते मला कळतं. ताकीद मिळाल्यावरसुद्धा येता. प्रतापराव सरही काही म्हणत नाहीत, तुम्ही मागं असलात की त्यांना बरं वाटतं. पण…”

फाइल बंद झाल्यापासून नामदेवराव बरकतपुऱ्याबाहेर गेले होते ते फक्त दात बसवायला. दात बसला होता. बोलताना आता शीळ येत नव्हती.

“मी कधी आलो होतो शेवटचा?” त्यांनी हळूच विचारलं.

“काल नाही का? आणि परवा. या आठवड्यात रोजच.” ती ओशाळून हसली. “पण काका, काल तुम्ही थांबतच नव्हता. सारखं पुन्हा बघ, पुन्हा बघ. आम्ही दोघांनी चारदा बघितलं. दोन्ही इंजिनं बघितली, इंधन बघितलं, चाकं बघितली. सगळं ठीक आहे. कुठं बघू ते तरी सांगा म्हटलं, तर तेही सांगत नाही. नुसतं टकटक.”

“हे तू लिहून दिलंस?”

“काय लिहू? फायलीत तुम्ही निरीक्षक आहात. निरीक्षक बोलला, असं लिहू?”

गच्चीवर तातेराव कशाला तरी मोठ्यानं हसले.

“उद्या उडते आहेस?”

“हौ. सकाळी राजमहेंद्री.”

“तारा, उद्या नको जाऊस.”

“असं कसं काका?” ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली. पर्स खांद्याला अडकवून उठली आणि त्यांच्या पायांना हात लावला. “जाऊ द्या ते. माझी एकच विनंती आहे. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटात जास्तीचं बोलायचं नसतं, मीच का तुम्हाला सांगायचं? काही सांगायचंच असलं, तर विमानाचं दार लावायच्या आधी सांगत जा.”